कंपनीचा ब्लोअर आणि चौथ्या मजल्यावरची झोप

कंपनीच्या फाइलीत आवाजाचे रिपोर्ट अगदी शिस्तीत लावलेले होते. दर तिमाहीला एक. मेन गेट, कँटीन, जनरेटरजवळ, मागची भिंत. वेळ सकाळी अकरा ते साडेबारा. आकडे ६४, ६६, ६८, आणि खाली शिक्क्यासकट 'मर्यादेत' असा शेरा. मी आवाज मोजण्याचं काम करते, शेजारच्या सोसायटीच्या तक्रारीवरून कंपनीने मला बोलावलं होतं. प्लँट मॅनेजरांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "मॅडम, हे सगळं असताना सोसायटीवाले तक्रार करतातच कशी?"

तक्रार रात्रीची होती आणि फाइलीत रात्रीचा एकही आकडा नव्हता. शिवाय मेन गेटवर सकाळी अकराला जो आवाज मोजला जातो तो कंपनीचा नसतोच, तो समोरून जाणाऱ्या टेम्पोंचा असतो. असे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत. ते खोटे नसतात, फक्त कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असतात.

कंपनी भोसरी एमआयडीसीच्या अगदी कडेच्या गल्लीत. शीट मेटलचं काम, मागच्या शेडमध्ये ग्राइंडिंगचे बूथ, त्यांची धूळ ओढायला डस्ट कलेक्टर. त्याचा ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा मोठा पंखा, शेडच्या मागच्या अंगाला लोखंडी स्टँडवर बसवलेला. चिमणी पत्र्याच्या वर काढून वाकवलेली आणि तिचं तोंड नेमकं सोसायटीकडे. मधे दहा फुटी भिंत, पलीकडे नऊ मीटरचा रस्ता, मग सात मजली दोन विंग. सोसायटीने पत्राची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवली होती, म्हणून कंपनीला घाई होती. या कामात मला बहुतेक वेळा बोलावतो तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच, आणि त्याला 'मर्यादेत' हवं असतं. पैसे कोण देतंय याने मीटरवरचा आकडा बदलत नाही. मीटर कुठे उभा केला याने मात्र भरपूर बदलतो.

मॅनेजरांचा पहिला मुद्दा असा की आम्ही आधी आलो, बिल्डिंग नंतर आली. माणूस म्हणून मला तो पटतो. शेजारी कारखाना दिसत असताना बिल्डरने बेडरूम त्याच बाजूला काढल्या, त्याचा जाब कुणी त्याला विचारत नाही. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आधी कोण आलं याला जागाच नाही. त्यात आहे ते एवढंच: औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा.

म्हणजे भिंतीच्या अलीकडे ७० आणि रस्ता ओलांडला की ४५. मधले पंचवीस डेसिबल कुठे जायचे? मोकळ्यावर एका ठिकाणी असलेल्या मशीनपासून अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पंचवीसने उतरायला अंतर जवळपास अठरा पट लागतं. नऊ मीटरच्या रस्त्यात ते होणं नाही. त्यामुळे कंपनी 'आम्ही ७० च्या आत' म्हणते तेही खरं आणि रहिवासी '४५ च्या वर' म्हणतात तेही खरं, अशी परिस्थिती एमआयडीसीच्या प्रत्येक कडेला आहे. मी ऐकणाऱ्याच्या घराची मर्यादा धरते. झोपायचं त्याला आहे.

पहिल्या रात्री थर्ड शिफ्ट सुरू झाल्यावर आम्ही मागच्या भिंतीपाशी, कंपनीच्या आत, मोजलं. ६३. मॅनेजर खूश. मग रस्ता ओलांडून सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रायपॉड लावला तर ४९. ते आणखी खूश. तळमजल्यावरचे वॉचमनदादाही म्हणाले, "मला तर काय एवढं जाणवत नाही." पण तक्रारीवरच्या सह्या मी आधीच बघून ठेवल्या होत्या. त्यातली जवळपास सगळी घरं चौथ्या मजल्यावरची किंवा त्याच्या वरची, आणि एकाच विंगमधली. पार्किंगमधून चिमणी दिसत नाही, भिंत आड येते. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ती समोरासमोर दिसते, चाळीसेक मीटरवर. जिथून आवाजाचं तोंड दिसतं तिथे भिंतीचा काही उपयोग नसतो.

चौथ्या मजल्यावरच्या काका-काकूंनी दार उघडलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. काकूंनी चहा ठेवला होता, तो आम्ही नंतर घेतो म्हणालो, कारण गॅसचाही आवाज येतो. मायक्रोफोन एक्स्टेंशन केबलवर घेऊन रंगाऱ्याच्या लांब ॲल्युमिनियमच्या काठीला बांधला, वर स्पंजचा गोळा चढवला आणि काठी गॅलरीच्या कठड्याला आवळून खिडकीपासून मीटरभर बाहेर काढली. त्याआधी नेहमीप्रमाणे कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेला आवाज काढणारं यंत्र, लावून ९४ डेसिबल बरोबर येतात का ते पाहिलं. हवा पडलेली होती, जानेवारीतली रात्र, हे चांगलं. जोराचा वारा असला की मायक्रोफोन आपलाच फडफडाट मोजत बसतो. पावसाळ्यात तर पत्र्यावरचा पाऊस, बेडूक आणि रातकिडे मिळून सगळं मोडून टाकतात.

पंधरा मिनिटांची सरासरी आली ५६.

यात भिंतीवरून परतलेला आवाजही मोजला जातो. इमारतीला इतकं जवळ असलं की साधारण तीन डेसिबल जास्त येतात, म्हणून ते वजा करून मोकळ्यावरचा आकडा ५३ धरायचा. खालून फोनवर मॅनेजरांनी हे ऐकलं आणि लगेच नियम काढला: तक्रार करायला मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त लागतात. ५६ म्हणजे ११ जास्त, ५३ म्हणजे फक्त ८. "मग तक्रार बसतच नाही की!" त्यांचं म्हणणं कागदावर चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, आकड्याशी भांडून ब्लोअर बंद होणार नाही, आधी आवाज कुठून येतो ते बघू.

कारण तोवर तेही नक्की नव्हतं. रहिवाशांचा राग पॉवर प्रेसवर. प्रेसची धडधड दिवसा सगळ्यांनी ऐकलेली, त्यामुळे रात्रीही तीच असणार असं धरलेलं, पण प्रेस दहाच्या आत बंद होत होते. मॅनेजरांचा संशय कॉम्प्रेसरवर. तो शेडमध्ये सगळ्यात कर्कश, जवळ उभं राहून बोलता येत नाही. मी मीटरचा वन-थर्ड ऑक्टेव्ह आलेख लावला, ज्यात आवाज जाडाबारीकप्रमाणे पट्ट्यांत वेगळा होतो. सगळ्या पट्ट्या एका उतारावर आणि २०० हर्ट्झची एकटीच ताडासारखी वर.

सहकारी प्लँटमध्ये होता. त्याला ब्लोअरची पाटी वाचायला सांगितलं. मोटर चार पोलची, पंखा थेट शाफ्टवर, टॅकोमीटरने वेग मिनिटाला १४७०. इम्पेलरला, म्हणजे पंख्याच्या फिरत्या चाकाला, पाती ८. वेगाला ६० ने भागून पात्यांनी गुणलं की १९६ हर्ट्झ. प्रत्येक पातं केसिंगच्या तोंडावरून जाताना हवेला एक धक्का देतं, सेकंदाला १९६ धक्के, आणि चिमणी ते सगळे चौथ्या मजल्याकडे फेकते. पण गणित जुळलं म्हणून कोर्टात उभं राहता येत नाही, म्हणून एकेक मशीन बंद करून बघायचं ठरलं.

आधी कॉम्प्रेसर बंद केला. मीटर जागचा हलला नाही. मग, काकांना न सांगता, ब्लोअर. मोटर बंद केल्यावरही इम्पेलर बराच वेळ फिरत राहतो. मीटरवरचा आकडा अजून घसरायला लागला नव्हता तेवढ्यात काका आतून म्हणाले, "गेला." सूर खाली उतरताना त्यांच्या कानाने आधी पकडला. काकू सोफ्यावर बसल्या होत्या, त्या नुसत्याच मागे टेकल्या.

सोसायटीच्या माणसांना मीटरपेक्षा जास्त समजतं हे मला या कामात पुन्हा पुन्हा दिसलंय, पण काकूंनी त्या रात्री दाखवलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. बेडरूममध्ये नेऊन म्हणाल्या, "उशी पायथ्याकडे घेतली की कमी येतो. म्हणून आम्ही सहा महिने उलटे झोपतो." काकांना हे कायम थट्टेचं वाटत आलेलं. मी मीटर हातात धरून पलंगाच्या एका टोकापासून दुसरीकडे हळूहळू सरकवला. आकडा वर, खाली, पुन्हा वर. हाताच्या अंतरात सहा डेसिबलचा फरक. २०० हर्ट्झच्या लाटेची लांबी हवेत पावणेदोन मीटरच्या जवळपास असते. बंद खोलीत ती भिंतींवर आपटून उभी राहते, आणि जास्त आवाजाच्या व कमी आवाजाच्या जागांमध्ये त्याच्या चौथाईएवढंच अंतर पडतं. काकूंनी मीटरशिवाय कमी आवाजाची जागा शोधून तिथे उशी ठेवली होती.

त्यांनी आणखी एक सांगितलं: उन्हाळ्यात त्रास नसतो, दिवाळीनंतर सुरू होतो. मॅनेजरांनी कुठेतरी वाचलं होतं की थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, म्हणून आवाज खाली वळून लांब जातो. हे खरं आहे, पण ते शेकडो मीटरच्या अंतरावर. चाळीस मीटरवर त्याचा काही फरक पडत नाही. इथलं कारण डोक्यावर टांगलेलं होतं. उन्हाळ्यात सीलिंग फॅन चालू असतो, त्याच्या सळसळीत ब्लोअरचा घूं बुडून जातो. थंडीत पंखा बंद, आणि मग खोलीत ऐकण्यासारखं तेवढंच उरतं.

नियमातली ४५ ही सरासरी आहे आणि सरासरीला सूर कळत नाही. मोजणीत जी 'ए' गाळणी लावतात ती २०० हर्ट्झला आधीच अकराएक डेसिबल कापून टाकते. सपाट गजबज आणि एकसुरी घूं, दोन्ही ५३ असले तरी झोपणाऱ्याला सारखे नसतात. लग्नाच्या हॉलमध्ये एवढा गोंगाट असूनही कुणी आपलं नाव घेतलं की कान टवकारतात, तसं ते आहे. आपल्या नियमांत यासाठी काही वाढीव गुण नाहीत, म्हणून अशा कामात मी बीएस ४१४२ ही ब्रिटिश पद्धत जोडून वापरते आणि रिपोर्टात तसं स्पष्ट लिहिते. त्यात तुलना ठरावीक मर्यादेशी नसते. त्या जागेचा आपला मूळ आवाज काय, त्याच्या किती वर हा आवाज जातो, एवढंच बघायचं. मूळ आवाज म्हणजे एल-९०, ज्या पातळीच्या वर नव्वद टक्के वेळ आवाज असतो. मध्येच भुंकलेलं कुत्रं किंवा गेलेली बाइक त्यात येत नाही. सूर स्पष्ट ऐकू येत असेल तर कंपनीच्या आकड्यात ४ मिळवायचे. फरक १० च्या आसपास किंवा वर गेला तर त्रास गंभीर असण्याची चिन्हं धरायची.

आता मूळ आवाज मोजायचा कधी? भोसरीत हे सोपं वाटतं, कारण गुरुवारी सुट्टी. गुरुवारी रात्री गल्ली सामसूम. काकूंच्या गॅलरीत एल-९० आला ४१, तोही मुख्यतः पुणे-नाशिक हायवेची लांबची घरघर. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, बघा, हाच आमचा खरा आवाज. इथे मॅनेजरांनी हरकत घेतली आणि ती रास्त होती. गुरुवारी फक्त आमची कंपनी बंद नसते, सगळी एमआयडीसी बंद असते. बाकीच्या सहा रात्री शेजारचे चालूच असतात, त्यांचा आवाज आमच्या नावावर का? मग एका मंगळवारी मध्यरात्री फक्त यांची कंपनी वीस मिनिटं पूर्ण थांबवली. थांबवणं लिहायला सोपं. प्रत्यक्षात ग्राइंडिंगवाल्यांना चहाला पाठवावं लागलं, आणि शिफ्ट इन्चार्जने प्रॉडक्शन कुणाच्या खात्यात लिहायचं यावर वाद घातला.

त्या वीस मिनिटांत एल-९० आला ४४, सरासरी ४६. ५३ मधून ४६ वजा केले की ५२ उरतात. डेसिबल लॉगॅरिदमचे असल्याने त्यांची वजाबाकी अशी एका आकड्याचीच होते, हे समजावताना मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. ५२ म्हणजे निव्वळ कंपनी. त्यात सुराचे ४, झाले ५६. मंगळवारच्या मूळ आवाजापेक्षा १२ जास्त, गुरुवारच्यापेक्षा १५. कोणाचीही बाजू धरली तरी उत्तर एकच. मॅनेजर यावर गप्प झाले.

सोसायटीसाठी मात्र त्या ४६ मध्ये एक कडू गोष्ट होती. कंपनी पूर्ण बंद असतानाही त्यांच्या गॅलरीत ४५ ची मर्यादा ओलांडलेलीच होती. गॅलरीत रात्रभर ठेवलेल्या मीटरने तर पहाटे साडेपाचला आलेखात सर्वांत उंच टोक दाखवलं, आणि ते निघालं सोसायटीच्याच पाण्याच्या मोटरचं. सेक्रेटरींना तो आलेख फारसा आवडला नाही.

उपायांच्या मीटिंगला सोसायटीची एकच मागणी होती, भिंत वाढवा. भिंत दिसते, फोटो काढता येतो, म्हणून सगळ्यांना भिंत हवी असते. पण चौथ्या मजल्यापासून चिमणी झाकायची तर भिंत इमारतीएवढीच करावी लागली असती, आणि जाड आवाज तरीही कडेवरून वळून आला असता. त्या पैशांत चिमणीवर सायलेन्सर बसतो. ठरलं ते असं: चिमणीत रॉकवूलच्या पडद्यांचा सायलेन्सर, तोंड सोसायटीकडून काढून शेडच्या दिशेला, ब्लोअरभोवती हवेसाठी लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झरोकी) असलेलं बंद एनक्लोजर आणि मोटरला व्हीएफडी, म्हणजे तिचा वेग कमीजास्त करणारं उपकरण.

यातल्या व्हीएफडीवर मालक स्वतः बोलायला आले. रात्री बूथ निम्मेच चालतात, मग ब्लोअर पूर्ण वेगाने कशाला? वेग ८० टक्क्यांवर आणला तर आवाज पाचेक डेसिबल उतरतो आणि वीज निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. मालकांनी आवाजाचा आकडा ऐकून घेतला, विजेचा मात्र डायरीत लिहून घेतला. सगळ्यात चांगला आक्षेप मेंटेनन्सच्या फोरमनने काढला: डक्टमधला वेग पडला तर धूळ वाटेतच बसेल. बरोबर होतं. म्हणून बंद बूथकडे जाणाऱ्या डक्टच्या फांद्यांना डँपर, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपा, बसवून हवा चालू बूथकडेच वळवली, आणि मुख्य डक्टला साफसफाईची झाकणं ठेवली.

सगळं बसल्यावर पुन्हा काकूंच्या गॅलरीत. सरासरी ४७. मूळच्या ४६ पेक्षा एकच जास्त, आणि फरक तीनपेक्षा कमी असला की वजाबाकी करूच नये, तिच्यावर भरवसा नसतो. एवढंच म्हणता येतं की कंपनीचा आवाज आता मूळ आवाजात मिसळलाय. वेग कमी झाल्याने सूरही २०० वरून १६० च्या पट्टीत सरकला होता आणि तिथे नुसता उंचवटा उरला होता. रिपोर्टात मी ४७ लिहिले, ४५ ओलांडले असं लिहिलं, कंपनी बंद असताना ४६ येतात तेही लिहिलं. मॅनेजरांना पहिल्या पानावर 'मर्यादेत' हवं होतं. ते मी लिहिलं नाही. त्याऐवजी आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी शेजारी छापला. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी चर्चेत त्या पानावरच बोट ठेवलं.

काकू आता सरळ झोपतात. महिनाभराने सेक्रेटरींचा फोन आला की घूं गेला, पण आता मागच्या गल्लीतल्या दुसऱ्याच कंपनीचा कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी फुस्स करतो, तो आधी ऐकूच येत नव्हता. तो मोजून द्याल का? मी म्हटलं, देईन, पण ती कंपनी काही मला बोलावणार नाही, फी सोसायटीला द्यावी लागेल. आकडा सांगितला. ते म्हणाले, पुढच्या जनरल बॉडीत विषय ठेवतो, आणि त्याच दमात विचारलं, "त्यात आमची पाण्याची मोटर येणार नाही ना?"